मानवी घटक आणि विमान सुरक्षितता: विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांसाठी

अर्ज भरण्याआधी एक काम करा. एखाद्या विमान अपघाताचा किंवा गंभीर घटनेचा अधिकृत चौकशी अहवाल मिळवा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढा. ब्रिटनची एएआयबी, अमेरिकेची एनटीएसबी, फ्रान्सची बीईए, ऑस्ट्रेलियाची एटीएसबी या चौकशी संस्था आपले अहवाल इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवतात. वाचायला दोन-तीन संध्याकाळी जातील, मधली काही पानं रटाळ वाटतील. वाचून संपल्यावर मनात काय उरतं तिकडे लक्ष द्या. ‘चूक कोणाची ते कळलं’ एवढंच उरलं असेल तर तोच अहवाल परत वाचा. ‘त्या माणसाला त्या वेळी ते बरोबर का वाटलं असेल?’ हा प्रश्न पिच्छा सोडत नसेल, तर पुढचं वाचा. मानवी घटक (ह्यूमन फॅक्टर्स) हा विषय म्हणजे तो प्रश्न नीट विचारायला शिकणं.

कुठला अहवाल घ्यावा असं विचाराल तर मी 10 जून 1990 च्या घटनेचा सुचवेन. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं होतं. 17,000 फुटांच्या आसपास कॉकपिटची डावी काच उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याला घट्ट धरून ठेवलं, को-पायलटने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसकट सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या 27 तास आधी बदलली होती. तिच्या 90 बोल्टपैकी 84 बोल्ट हव्या त्या व्यासापेक्षा बारीक होते. फरक होता जेमतेम 0.66 मिलिमीटरचा.

‘चुकीचे बोल्ट लावले’ या तीन शब्दांत ही गोष्ट सांगता येते, पण अहवाल त्या रात्री हँगरमध्ये काय काय चाललं होतं ते उलगडतो. वेळ पहाटे तीन ते पाचची. माणसं कमी, म्हणून शिफ्टच्या मॅनेजरनेच हे काम अंगावर घेतलं. आधी बसवलेले बोल्ट मुळातच ठरलेल्यापेक्षा आखूड होते, पण त्यांवर काच चार वर्षं टिकली होती. त्यामुळे ‘जुने होते तसेच घ्यावेत’ हा त्याचा विचार त्याच्या जागी रास्तच होता. स्टोअरमधल्या माणसाने या जागेचा योग्य बोल्ट कोणता ते सांगितलंही होतं. पण जुन्यासारखे बोल्ट तिथे पुरेसे नव्हते, म्हणून मॅनेजर अंधूक उजेडातल्या दुसऱ्या रॅककडे गेला आणि जुना बोल्ट हातात धरून डोळ्यांनी जुळवून नवे निवडले. वाचायचा चष्मा घातलेला नव्हता. काच बसवताना उभं राहायची जागा अशी अडचणीची की बोल्टच्या डोक्याभोवती जास्तीची फट दिसते आहे हे नीट बघता येईना. आवळताना बारीक बोल्ट नटाच्या आट्यांवरून घसरत होते. ते घसरणं आणि टॉर्क पुरा झाल्याची, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला गेल्याची टकटक यांतला फरक हाताला कळला नाही. शिवाय हे काम दुसऱ्या कोणी तपासून सही करायच्या यादीत नव्हतं. आणि काच बाहेरून बसवायची, म्हणजे वर गेल्यावर केबिनचा सगळा दाब तिला बाहेरच ढकलणार.

आता कागद घ्या आणि चुकीचा बोल्ट बरोबर वाटायला ज्या ज्या गोष्टींनी हातभार लावला त्या एकाखाली एक लिहा. झोपेची वेळ, उजेड, नजर, मनुष्यबळ, सवय, साठा ठेवायची पद्धत, सुट्या भागांची सूची न बघणं, तपासणीचा नियम, काचेची रचना. तुम्ही ज्या अभ्यासक्रमाला जाणार आहात त्याची विषयसूची थोड्याफार फरकाने हीच असते.

हा विषय आला कुठून

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 बॉम्बर विमानांचे वैमानिक सुखरूप उतरायचे आणि उतरल्यावर फ्लॅपऐवजी (फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) चाकंच आत घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर फ्लॅपचा आणि चाकांचा स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने चाकांच्या स्विचला रबराचं छोटं चाक आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा लावायला सुचवलं. बोटांना न बघता फरक कळू लागला. आजही प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये चाकांच्या दांडीची मूठ चाकाच्या आकाराची आणि फ्लॅपच्या दांडीची मूठ पाचरीसारखी असते, आणि तसा नियमच आहे. 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का बसलेल्या शेकडो प्रसंगांची वर्गवारी केली आणि त्यांतल्या कितीतरी चुका उपकरणांच्या रचनेतच पेरलेल्या असल्याचं दाखवून दिलं.

तुम्ही कुठून येताय

या वर्गात फार वेगवेगळी माणसं भेटतात. मानसशास्त्राचे पदवीधर, इंजिनिअर, वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक, देखभालीचे तंत्रज्ञ, केबिन क्रू, कधी एखादी भूल देणारी डॉक्टर. वैमानिकाचा परवाना लागतो हा मोठा गैरसमज आहे. लागत नाही. प्रत्येकाची एक बाजू लंगडी असते, ती ओळखून आधीपासून भरून काढली की झालं.

मानसशास्त्राकडून येत असाल तर विमान कसं उडतं, उड्डाणाचे टप्पे कोणते, कंट्रोलर आणि वैमानिक एकमेकांशी काय आणि कोणत्या ठरीव शब्दांत बोलतात, हे शिका. शक्य असेल तर नियंत्रण कक्ष किंवा हँगर बघायची परवानगी मागा आणि एका जागी दोन तास गप्प उभे राहा. इंजिनिअर असाल तर माणसाचं लक्ष, स्मरण आणि झोप यांवरचं एखादं पायाभूत पाठ्यपुस्तक वाचा. ‘माणूस हा यंत्रणेचा सगळ्यांत बेभरवशाचा भाग’ हे मनात पक्कं बसलेलं असतं, ते इथे हळूहळू सैल करावं लागतं. वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्याकडे अनुभवाचा खजिना असतो, पण ‘माझ्या वेळी असं झालं होतं’ यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढायचा मोह आवरावा लागतो.

संख्याशास्त्र मात्र सगळ्यांनाच लागतं, आणि सगळेच ते टाळतात. सरासरी आणि प्रमाण विचलन, दोन गटांची तुलना, सहसंबंध, नमुना किती मोठा हवा, एवढं तरी प्रवेशाच्या दोन-तीन महिने आधी हाताखालून घाला. आर नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यावर छोटी छोटी उदाहरणं सोडवा. पहिल्या सत्रात अडखळणारे बहुतेक जण इथेच अडखळतात.

अभ्यासक्रम निवडताना

नावं सांगायची तर ब्रिटनमधलं क्रॅनफिल्ड विद्यापीठ फक्त पदव्युत्तर शिक्षणाचं आहे आणि सुरक्षितता आणि अपघात चौकशी यांसाठी ओळखलं जातं. अमेरिकेतल्या एम्ब्री-रिडल एरोनॉटिकल युनिव्हर्सिटीत मानवी घटक हा विषय पदवीपासून शिकवला जातो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात मानवी घटक आणि यंत्रणेची सुरक्षितता यांकडे विमानापुरतं न बघता रुग्णालयं आणि इतर जोखमीच्या क्षेत्रांसकट बघितलं जातं. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. नावावर न जाता तुम्हाला नेमकं काय करायचंय त्यावरून ठरवा: चौकशीत रस आहे, कॉकपिटच्या रचनेत, की कंपनीच्या सुरक्षा विभागात?

विभागाला मेल लिहून हे प्रश्न नक्की विचारा. शिकवणाऱ्यांत संशोधक किती आणि प्रत्यक्ष या क्षेत्रात काम केलेले किती? दोन्ही हवेत. संशोधन पद्धती किती तास शिकवतात? सिम्युलेटर विद्यार्थ्यांच्या प्रबंधासाठी खरोखर मिळतो, की माहितीपत्रकातल्या फोटोपुरता आहे? गेल्या दोन वर्षांतल्या प्रबंधांचे विषय बघायला मिळतील का? एखाद्या माजी विद्यार्थ्याशी बोलायला मिळेल का? शेवटच्या दोन प्रश्नांना टाळाटाळ झाली तर मी त्या अभ्यासक्रमाबद्दल दहा वेळा विचार करेन.

नोकरी करत असाल तर अर्धवेळ अभ्यासक्रमाचा विचार गांभीर्याने करा. दोन-तीन वर्षं लागतात, पण सकाळी शिकलेलं संध्याकाळी हँगरमध्ये दिसतं आणि प्रबंधाचा विषयही तिथेच सापडतो.

अर्जासोबतचं निवेदन

‘मला लहानपणापासून विमानांची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. वाचणाऱ्याने ते असंख्य वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी तुम्ही जवळून पाहिलेला एक छोटा प्रसंग लिहा. शिफ्ट बदलताना सहकाऱ्याने अर्धवट राहिलेलं काम घाईत तोंडी सांगितलं, वहीत नोंद केली नाही, तुम्ही ‘हो हो’ म्हणालात, आणि तासाभराने लक्षात आलं की नेमकं कोणतं पॅनल उघडं आहे हे दोघांनीही वेगवेगळं समजून घेतलंय. असा प्रसंग विमानाशी संबंधित नसला तरी चालतो. तिथे कोणाला काय माहीत होतं, काय दिसत होतं, काय गृहीत धरलं होतं, हे दहा ओळींत नीट लिहिलंत तर तुम्हाला विषय कळलाय हे न सांगता कळेल. त्यात कोणाला दोष दिला नाहीत तर अधिकच चांगलं.

पहिल्या सत्रात भेटणाऱ्या गोष्टी

सुरुवातीला आकृत्यांचा मारा होतो. एल्विन एडवर्ड्स यांनी 1972 मध्ये मांडलेल्या आणि फ्रँक हॉकिन्स यांनी पुढे वाढवलेल्या शेल मॉडेलमध्ये माणूस मध्यभागी असतो. त्याच्या चार बाजूंना नियम-पुस्तिका, यंत्र, परिस्थिती आणि इतर माणसं, आणि लक्ष द्यायचं ते या चौकटी एकमेकींना जिथे भिडतात तिथे. जेम्स रीझन यांचं स्विस चीजचं मॉडेल तर सगळ्यांच्या तोंडी असतं: संरक्षणाचे एकामागे एक थर, प्रत्येकात भोकं, आणि भोकं एका रेषेत आली की अपघात. हॉकिन्सची आकृती प्रश्न सुचवायला उत्तम आणि रीझनची समजावून सांगायला उत्तम. पण आकृती भरली म्हणजे विश्लेषण झालं असं समजू नका. कोऱ्या चौकटी भरत सुटलेले निबंध शिक्षकांना लांबूनच ओळखू येतात.

‘सिच्युएशन अवेअरनेस’ हा शब्द रोज कानावर पडेल. मिका एंड्सली यांनी त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: गोष्ट दिसणं, तिचा अर्थ लागणं आणि पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येणं. उपयोगी कल्पना आहे, पण तिचा एक सापळा आहे. ‘त्यांचं सिच्युएशन अवेअरनेस हरवलं’ असं लिहून थांबलात तर तुम्ही ‘वैमानिकाची चूक’ हेच नव्या कपड्यांत लिहिलंत. काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं आणि का, तिथपर्यंत जायला हवं.

यासाठी केगवर्थचा अपघात वाचा. 8 जानेवारी 1989 ला ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग 737-400 चं डावं इंजिन बिघडलं आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. 47 प्रवासी गेले. कॉकपिटमध्ये धुराचा वास आला होता, आणि विमानाच्या आधीच्या आवृत्तीच्या माहितीवरून तो उजवीकडूनच येणार असं त्यांना वाटलं. उजव्या इंजिनाची शक्ती कमी करताच योगायोगाने थरथर आणि धूर कमी झाला, आणि समज पक्का झाला. थरथर दाखवणारे काटे या नव्या विमानात अगदी लहान होते. मागच्या बाजूला प्रवाशांना आणि काही केबिन क्रूला डावीकडच्या ज्वाळा दिसत होत्या, कॅप्टनने उजव्या इंजिनाचा उल्लेख केलेली घोषणाही अनेक प्रवाशांनी ऐकली, पण कॉकपिटपर्यंत कोणी काही बोललं नाही. हा अहवाल वाचताना दर दहा पानांनी थांबा आणि ‘इथे मी असतो तर?’ असं स्वतःला विचारा. उत्तर पटकन आलं तर ते बहुधा खोटं असतं.

क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे सीआरएम, हा विषय असाच अपघातांतून उभा राहिला. डिसेंबर 1978 मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-8 विमान चाकांच्या बिघाडात क्रू गुंतलेला असताना इंधन संपून पडलं, आणि पुढच्याच वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली. सीआरएम शिकताना गटात एक सराव होतो: एक जण कॅप्टन, एक को-पायलट, आणि को-पायलटला दिसलेला धोका वाढत्या स्पष्टतेने सांगायचा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत बहुतेकांचा आवाज ‘सर, इंधन जरा बघूया का?’ इथेच अडकतो. त्या वाक्यात कोणता धोका आहे आणि काय करायला हवं, हे दोन्ही नाही. चौथ्या फेरीत ते येतं. तो तास चुकवू नका.

थकवा आणि झोप, स्वयंचलित यंत्रणा, कामाचा ताण मोजायच्या पद्धती हे विषय क्रमाने येतात. नासाची टीएलएक्स प्रश्नावली सहा मापांवर ताण मोजते. परीक्षेच्या आदल्या रात्री ती स्वतःवर भरून बघा, तिच्या मर्यादा व्याख्यानापेक्षा लवकर कळतील. सुरक्षा व्यवस्थापनासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या म्हणजे आयकाओच्या परिशिष्ट 19 ची, आणि चौकशीसाठी परिशिष्ट 13 ची ओळख हवीच. 13 मधलं एक तत्त्व पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा: चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा असतो, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नसतो.

त्या तत्त्वाची किंमत कळायला एक प्रसंग पुरेसा आहे. 1 डिसेंबर 1974 ला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना नकाशावरच्या आणि कंट्रोलरच्या सूचनेच्या संदिग्ध अर्थामुळे डोंगरावर आदळलं आणि 92 जण गेले. सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान याच गोंधळात त्याच डोंगरावरून थोडक्यात निसटलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण बाकीच्यांपर्यंत ते पोहोचायची वाटच नव्हती. त्यातून 1976 मध्ये एएसआरएस ही स्वेच्छेने घटना कळवायची व्यवस्था उभी राहिली. ती नियामकाकडे न ठेवता नासाकडे दिली, म्हणजे कळवणाऱ्याला शिक्षेची भीती राहू नये. त्यातले नाव-गाव काढलेले अहवाल कोणालाही शोधता येतात. आठवड्याला पाच वाचा. प्रबंधाचे विषय तिथे रांगेत उभे असतात.

प्रबंध

इथे वेळ हातातून निसटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

विषय लहान घ्या. ‘विमानवाहतुकीतील थकवा’ हा विषय आयुष्यभराचा आहे. ‘रात्रपाळीत शिफ्ट बदलताना अपूर्ण कामाची नोंद कशी होते’ हा चार महिन्यांचा आहे. आधी माणसं आणि माहिती मिळतील का ते बघा आणि मग प्रश्न पक्का करा. कंपन्या उड्डाणाची माहिती सहज देत नाहीत, आणि ‘देऊ’ म्हणणाऱ्याची बदली झाली की सगळं थांबतं. म्हणून दुसरी वाट तयार ठेवा: प्रकाशित अहवाल, एएसआरएस किंवा विद्यापीठाचा सिम्युलेटर. माणसांवर अभ्यास करायचा तर नैतिक परवानगी लागते आणि तिला आठवडे लागतात. तो अर्ज सगळ्यांत आधी टाका.

मुलाखती घेणार असाल तर ‘का’ हा शब्द जपून वापरा. ‘तुम्ही असं का केलंत?’ विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो आणि मागाहून जुळवलेलं कारण देतो. ‘तेव्हा समोर काय दिसत होतं?’, ‘पुढे काय होईल असं वाटलं होतं?’, ‘कधी काहीतरी वेगळं आहे असं जाणवलं?’ असं विचारा. प्रसंग आधी एका दमात सांगू द्या, मग वेळेच्या रेषेवर मांडा, मग मागे जाऊन एकेका वळणावर थांबा. मधली शांतता भरून काढायची घाई करू नका. महत्त्वाचं बोलणं बऱ्याचदा तिच्यानंतरच येतं. बोलणाऱ्याची नोकरी तुमच्या वहीत असते हे विसरू नका. नाव, तारीख, विमानतळ, ज्यावरून ओळख पटेल ते सगळं पहिल्याच दिवशी काढून टाका.

स्वतःच्या मनाचीही एक खबरदारी घ्या. शेवट माहीत असला की मागचं सगळं उघड दिसायला लागतं. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा: अहवालातला घटनाक्रम वाचताना पुढचा भाग कागदाने झाकायचा आणि प्रत्येक मिनिटाला क्रूला उपलब्ध असलेली माहिती तेवढीच वेगळ्या रकान्यात लिहायची. त्या रकान्यात ‘लक्षात यायला हवं होतं’ हे शब्द लिहायचे नाहीत.

पुढे काम कुठे

विमान कंपन्यांचे सुरक्षा विभाग, उड्डाणाच्या नोंदींचं विश्लेषण, हवाई वाहतूक नियंत्रण संस्था, कॉकपिट आणि उपकरणांची रचना करणारे उत्पादक, देखभाल संस्थांमधलं प्रशिक्षण, नियामक संस्था, संशोधन. अपघात चौकशी संस्थांत जागा फार कमी असतात आणि तिथे बहुधा क्षेत्रातला अनुभव आधी मागतात. फक्त त्या एका नोकरीवर डोळा ठेवून येऊ नका. रेल्वे, अणुऊर्जा, शस्त्रक्रिया विभाग इथेही हे शिक्षण चालतं.

प्रबंध जमा केल्यावर एक काम उरतं. ज्या तंत्रज्ञांनी, वैमानिकांनी, कंट्रोलरनी रात्रपाळीनंतर तासभर बसून तुमच्याशी बोलणं केलं, त्यांना दोन पानांत साध्या भाषेत लिहून पाठवा: काय सापडलं, आणि त्यांच्या कामात उद्यापासून काय बदलता येईल. हे पदवी समारंभाच्या आधी करा, नंतर राहून जातं.